विश्लेषण : डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही... ‘फिजिशियन असिस्टंट’ हा पेशा जन्माला कसा आला?

रुग्णाला तपासायचे, निदान करायचे, टाके घालायचे, औषध लिहून द्यायचे. पण डॉक्टरची पदवी नाही. अमेरिकेत असे काम करणारे ‘फिजिशियन असिस्टंट’ आज दीड लाखाहून अधिक आहेत. या पेशाची सुरुवात १९६५ मध्ये अवघ्या चार विद्यार्थ्यांनी झाली. त्यामागे होते डॉ. यूजीन स्टेड. गंमत म्हणजे, त्यांना मुळात हे काम परिचारिकांकडे सोपवायचे होते.

कोण होते डॉ. स्टेड?

६ ऑक्टोबर १९०८ रोजी जॉर्जिया राज्यातील डेकेटर येथे त्यांचा जन्म झाला. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातून १९३२ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे बोस्टनमध्ये सोमा वाइस या नामवंत वैद्यकाच्या हाताखाली ते तयार झाले. शॉक आणि हृदयाच्या अकार्यक्षमतेवरील संशोधनाने त्यांचे नाव झाले. १९४२ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, ते एमोरीत औषधवैद्यक विभागाचे प्रमुख झाले.

ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. तरुण डॉक्टर लष्करात गेले होते आणि अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयातील वॉर्ड मात्र रुग्णांनी भरलेले होते. स्टेड यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर वॉर्ड सोपवले, आणि काम चालले. रुग्णसेवेतील बरीच कामे करण्यासाठी पूर्ण पदवीची वाट पाहावी लागत नाही. योग्य माणूस निवडून त्याला नीट शिकवले आणि मागे जाणता डॉक्टर उभा असला की पुरते, हा धडा त्यांनी तिथे घेतला. १९४७ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे ड्यूक विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून आले. तिथे त्यांची शिस्त इतकी कडक होती, की निवासी डॉक्टरांच्या बहुतेक रात्री रुग्णालयातच जात.

परिचारिकांचा अभ्यासक्रम का बारगळला?

पन्नाशीच्या दशकात खेड्यांत डॉक्टर मिळेनासे झाले होते. जे होते त्यांना नवे शिकायला चार दिवस दवाखाना सोडणेही अवघड होते. स्टेड यांच्या डोळ्यांसमोर पहिला पर्याय होता तो परिचारिकांचा. ड्यूकमधील अनुभवी परिचारिका-शिक्षिका थेल्मा इंगल्स यांच्यासह त्यांनी १९५७-५८च्या सुमारास प्रगत अभ्यासक्रम आखला. वॉर्डातील कामाचा दर्जा वाढला, शिकणाऱ्याही खूश होत्या. पण परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेने मान्यता नाकारली. डॉक्टरांनी परिचारिकांना शिकवणे आणि वैद्यकीय कामे त्यांच्याकडे देणे तिला पटले नाही.

हा नकार निव्वळ हेकटपणाचा म्हणता येणार नाही. परिचर्या हा डॉक्टरांच्या सावलीतून बाहेर येऊ पाहणारा स्वतंत्र पेशा होता. पुन्हा डॉक्टरांचेच काम हलके करण्यासाठी राबायचे का, हा प्रश्न खराच होता. स्टेड यांना मात्र तो नकार लागला. त्यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली.

मग जवानच का?

एक उदाहरण जवळच होते. त्याच राज्यातील गार्लंड या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांच्याकडे बडी ट्रेडवेल नावाचे कृष्णवर्णीय सहायक होते. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. सारे शिक्षण जॉन्सन यांच्या हाताखालचे. जॉन्सन परिषदांना जात तेव्हा ट्रेडवेल दवाखान्याचा गाडा ओढत. गावकऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नसे.

दुसरीकडे, नौदलात युद्धभूमीवर जखमींवर उपचार केलेले वैद्यकीय जवान नोकरी संपवून घरी येत होते. समुद्रावर ज्यांच्या हाती जीव सोपवला जाई, त्यांना गावी आल्यावर त्या कौशल्याची नोकरीच नव्हती. ऑक्टोबर १९६५ मध्ये अशा चार माजी जवानांना घेऊन ड्यूकमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला : आधी वर्ग, मग रुग्णांमध्ये काम. एकाने अर्ध्यावर सोडले. व्हिक्टर जर्मिनो, केनेथ फेरेल आणि रिचर्ड शील हे तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले. तो दिवस स्टेड यांचा वाढदिवस. म्हणूनच अमेरिकेत आजही ६ ऑक्टोबरपासून या पेशाचा सप्ताह साजरा होतो.

विरोध कोणी केला?

१९६६ मध्ये ‘लुक’ या खपाच्या नियतकालिकाने या सहायकांना परिचारिकेच्या वरचे आणि डॉक्टरच्या खालचे ठरवले, तेव्हा परिचारिकांच्या जुन्या जखमेवर मीठच चोळले गेले. कायद्याचा पेच तर होताच : परवाना नसलेल्याने रुग्णाला हात लावायचा कसा? स्टेड यांचे उत्तर सरळ होते. सहायकाने डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचे आणि जबाबदारी डॉक्टरची. नॉर्थ कॅरोलिनाने १९७१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून याला आधार दिला. सहायकांचे पाऊल त्यामुळे पक्के झाले. पण ‘असिस्टंट’ हा शब्दही त्यांना कायमचा चिकटला. अमेरिकेतील त्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये त्याऐवजी ‘असोसिएट’ शब्द घेण्याचे ठरवले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली.

पुढे काय झाले?

पहिली तुकडी बाहेर पडली त्याच वर्षी स्टेड यांनी विभागप्रमुखपद सोडले. अभ्यासक्रमाची धुरा डॉ. हार्वी एस्टेस यांनी वाहिली. स्टेड संगणकाकडे वळले आणि हृदयरुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे साठवणारा माहितीसंच त्यांनी ड्यूकमध्ये उभा केला. १२ जून २००५ रोजी, ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परिचारिकांनीही आपली वाट शोधली होती. १९६५ मध्येच कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम सुरू केला. ड्यूकमधून फिजिशियन असिस्टंट झालेली पहिली स्त्री जॉइस निकोल्स. त्या १९७० मध्ये उत्तीर्ण झाल्या. त्याआधी त्या ड्यूकच्याच रुग्णालयात परिचारिका होत्या.