मनाची किल्ली ज्याच्या त्याच्या हाती

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या इमारतीलगत एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलली आहे. आमच्या महाड-पोलादपूरकडची मंडळी कशेडी ओलांडून गोव्याला जातात, या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि हा कोणी जादूगार असावा, असे समजून पुढे निघतात. हा गृहस्थ जादूगार नव्हता. संमोहनात जादू नसते, हे सांगण्यापायी त्याने आपली सारी प्रतिष्ठा गमावली. त्यांचे नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते.

त्यांची आठवण महाडमध्ये बसून काढायला कारण आहे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहनांसकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव डोंगराखाली गेले, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुरात बुडाले. अशा प्रदेशात पावसाची धास्ती असणे शहाणपणाचेच आहे. जुलैच्या रात्री उठून नदीचे पाणी पाहणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण मार्चमधल्या वळवाच्या सरीनेही छातीत धडधड सुरू होते, वीज कडाडली की मूल आईला सोडत नाही, तेव्हा ती धास्ती सावधपणाची राहिलेली नसते. ती मनाला पडलेली सवय असते. अशी जुनी सवय मोडता येते का? फारियांचे आयुष्य या प्रश्नाच्या आसपास फिरले आहे.

त्यांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यातला, बारदेशातल्या कांदोळी गावचा. वडील कायतान व्हितोरिन मूळचे कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. नवरा-बायकोचे पटले नाही. दोघांनी चर्चच्या संमतीने वेगळे होऊन धर्मकार्याचा मार्ग धरला. वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. मोडलेल्या घरातला हा मुलगा १७७१ साली, पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर लिस्बनला पोहोचला आणि तिथून रोमला गेला. १७८० मध्ये तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला.

पोर्तुगालला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात आजही घरोघरी सांगतात. राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले. समोर दरबारी आणि सरदार बसलेले. फारियांची जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी हलकेच कोकणीत सांगितले, की ही समोरची सगळी माणसे म्हणजे भाजी आहे असे समज आणि ती कापायला लाग. भीती ओसरली आणि प्रवचन रंगले. गोष्ट घडली तशीच सांगितली जाते की नंतर रंगवली गेली, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातले मर्म खरे आहे. समोरचा दरबार होता तोच राहिला. बदलले ते त्याच्याकडे पाहण्याचे मन आणि त्यासाठी मायबोलीतले एक वाक्य पुरले. आपल्या माणसाच्या तोंडून आणि आपल्याच भाषेत आले, म्हणून ते थेट आत पोहोचले.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. संशयाची छाया फारिया पितापुत्रांवरही पडली आणि १७८८ मध्ये फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षी राज्यक्रांतीचा वणवा पेटला, त्यातही ते ओढले गेले. पॅरिसमध्येच त्यांची गाठ चुंबकविद्येशी पडली.

त्या काळी युरोपात मेस्मर यांचे मत गाजलेले होते. प्राण्यांच्या शरीरात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि उपचार करणारा तो रोग्यात सोडून त्याला बरे करतो, असे ते सांगत. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये नेमलेल्या समितीने हा द्रव अस्तित्वात नाही, असा निर्वाळा दिला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए त्या समितीत होते. होतो तो परिणाम कल्पनेचा, असे समितीचे म्हणणे. एवढे सांगून शास्त्रज्ञ मोकळे झाले. कल्पनेने जर एवढे होत असेल, तर ती कल्पना काम कशी करते, हा पुढचा प्रश्न फारियांनी विचारला. मार्की द प्युसेगूर यांच्याकडून ते ही विद्या शिकले होते, पण गुरूचे मत त्यांनी जसेच्या तसे घेतले नाही.

मार्सेय आणि नीम इथे काही काळ प्राध्यापकी करून ते पॅरिसला परतले आणि ऑगस्ट १८१३ मध्ये त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. पद्धत साधी होती. माणसाला खुर्चीत निवांत बसवायचे, डोळे मिटून झोपेवर लक्ष एकवटायला सांगायचे आणि मग शांत पण ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काहींना ते आपल्या उघड्या तळहाताकडे टक लावून पाहायला सांगत. लोहचुंबक नाही, मंत्र नाही, द्रव नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते आणि घडवणारी शक्तीही त्याचीच असते, समोरचा माणूस केवळ निमित्त, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे कुणालाच रुचले नाही. चुंबकवाद्यांचा द्रव गेला, म्हणून ते चिडले. धर्ममार्तंडांना यात सैतान दिसला. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टिंगल करणारे प्रहसन आले आणि सावळ्या वर्णाचा हा परदेशी पाद्री शहराच्या हसण्याचा विषय झाला. प्रयोग बंद पडले. एका मुलींच्या शाळेत धर्मगुरूचे काम करत त्यांनी आपला ग्रंथ लिहिला. तो १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीची खूण उरली नाही. पुढे अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीतल्या तुरुंगातल्या पाद्र्याला त्यांचे नाव मिळाले आणि जगाला ते कल्पित पात्रच ठाऊक झाले.

विचार मात्र मेला नाही. १८४० नंतर जेम्स ब्रेड यांनी इंग्लंडमध्ये या विद्येला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले. फ्रान्समधल्या नान्सी इथल्या बर्नहाइम यांनी सूचनेचा सिद्धान्त मांडताना फारियांचे ऋण मान्य केले. पणजीतला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला.

आजचे मानसशास्त्र याच वाटेने पुढे गेले आहे. संमोहन ही झोप नव्हे, एकाग्रतेची एक अवस्था आहे. शरीर शांत असताना भीतीचा प्रसंग हळूहळू मनासमोर आणला, की मन नवा धडा शिकते: पावसाचा आवाज म्हणजे दरवेळी दरड नव्हे. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवा अनुभव बसतो. या कामी समुपदेशनाच्या जोडीला संमोहन उपयोगी पडू शकते. मर्यादाही आहेत. सर्वांवर ते सारखे चालत नाही. संमोहनातून हरवलेल्या आठवणी उकरण्याच्या नादात न घडलेले प्रसंगही खरे वाटू लागतात. आणि डोंगराला भेग पडली असेल, तर गाव हलवणे हाच उपाय. भीती घालवणे हा नव्हे.

आमच्याकडे घाबरलेल्या माणसाला भगताकडे नेण्याची रीत आहे. अंगाऱ्याने कधी बरे वाटतेही. ते का वाटते, याचे उत्तर फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. गुण अंगाऱ्यात नसतो, विश्वासाने एकवटलेल्या मनात असतो. म्हणून शक्ती माझी आहे, तू फक्त शरण ये, असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, मग त्याच्या हाती अंगारा असो की संमोहनाचे प्रमाणपत्र. तुझ्या मनाला हे जमेल, मी वाट दाखवतो, असे म्हणणारा प्रशिक्षित डॉक्टर शोधावा. केंद्र सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतून बोलता येते. भीतीची गोष्ट आपल्या भाषेत सांगता आली, की निम्मे काम तिथेच होते.