र. कृ. जोशी

रघुनाथ कृष्ण जोशी (इ.स. १९३६ - ५ फेब्रुवारी, इ.स. २००८) हे मराठी कवी, सुलेखनकार, अक्षररचनाकार व अध्यापक होते. शब्दाचा अर्थ अक्षराच्या आकारातून व मांडणीतून प्रकट करणारे प्रयोग आणि संगणकासाठी घडवलेले देवनागरी टंक ही त्यांच्या कार्याची दोन प्रमुख अंगे होत.

कारकीर्द

मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेतल्यानंतर जोशी यांनी उल्का या जाहिरातसंस्थेत काम केले. पुढे ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी भारतीय लिप्यांच्या टंकांवर काम केले.

मूर्त कविता

१९५०च्या दशकात स्वित्झर्लंड व ब्राझीलमधील कवींनी मूर्त कवितेची चळवळ सुरू केली. अशा कवितेत वाक्यरचना गौण ठरते. अक्षरांचा आकार, त्यांची जाडी आणि भोवतालची कोरी जागा आशय घडवतात. मराठीत लघुनियतकालिकांच्या काळात असे प्रयोग करणाऱ्यांत जोशी अग्रणी होते. चौकोनी खिळे ओळीत जुळवणाऱ्या छापखान्यात वळणारी, विखुरणारी किंवा एकमेकांत मिसळणारी अक्षरे साधणे अवघड असे. सुलेखनात मात्र शिरोरेषा, काना, वेलांटी यांना अर्थानुसार वळण देता येते. त्यामुळे त्यांची कविता आणि त्यांचे सुलेखन यांचा निकटचा संबंध आहे.

संगणकीय टंक

युनिकोडपूर्व काळात मराठी टंकांची संकेतपद्धती वेगवेगळी असे. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात उघडल्यास अर्थहीन चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये वर्णाचा संकेत एकच राहतो व त्याचे दृश्य रूप टंक ठरवतो. पहिली वेलांटी व्यंजनानंतर नोंदली जाऊनही त्याच्या आधी दिसते. क, हलन्तचिन्ह व ष मिळून क्ष उमटतो. विंडोज २०००मध्ये समाविष्ट झालेला मंगल हा असाच टंक जोशी यांनी आरेखित केला. रघू हा त्यांचा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला.

महत्त्व

मूर्त कवितेत अक्षर स्वतःकडे लक्ष वेधते. मंगलसारख्या टंकात ते मजकुराआड राहते. टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी जोडाक्षरे तोडून लिहावी लागत. जोशी यांच्या टंकांत ती लिपीच्या नियमांप्रमाणे जुळतात. अक्षराचे रूप हा भाषेचाच भाग आहे, ही जाणीव दोन्ही कार्यांना जोडते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.