सोडा वॉटर काढणारा धर्मगुरू

यात्रेत आपण गोटी सोडा फोडतो, त्याचं मूळ बिअरच्या पिंपात आहे! जोसेफ प्रिस्टले हे इंग्लंडचे धर्मगुरू, जन्म १७३३ चा. १७६७ ला लीड्स गावी बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला आले. आंबणाऱ्या पिंपांवर वायू साचायचा. त्यात जळतं लाकूड नेलं की विझायचं, बंद पेवात दिवा विझतो तसं. त्यांनी तिथं धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं. पाण्यात बुडबुडे, चवही झकास! आज बिअरच्या बंद पिंपात सिलिंडरनं भरतात तो हाच कार्बन डायऑक्साइड. १७७२ ला कृती छापून मोकळे झाले. धंदा मात्र श्वेपनं केला. फ्रेंच क्रांतीची बाजू घेतली म्हणून १७९१ ला बर्मिंगहॅमात जमावानं त्यांचं घर, प्रयोगशाळा जाळली. १७९४ ला अमेरिका गाठली, १८०४ ला तिथंच वारले.