पंडिता रमाबाई : एक शास्त्र, अनेक मंडळ्या

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी लगेच पंडिता रमाबाईंचे नाव दिले. त्यांच्यावरचा धडा आपण शाळेत वाचला आहे. त्यात शारदासदन होते, दुष्काळातल्या मुली होत्या, विधवांचे शिक्षण होते. मला लिहायचे आहे ते धड्यात नसलेल्या एका वादाविषयी. ख्रिस्ती माणसाने शेवटी कोणाचे ऐकायचे, शास्त्राचे की शास्त्राचा अर्थ ठरवून देणाऱ्यांचे, असा तो वाद होता. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. सारी नोकरी बँकेत गेली. पण आपल्या वर्गात तीन-चार मंडळ्यांची मुले एका बाकावर बसत. सकाळच्या प्रार्थनेत कॅथलिक मुले ‘प्रभूची प्रार्थना’ एक वाक्य आधी संपवत आणि बाकीचे पुढे म्हणत राहत, हे तुम्हांला आठवत असेल. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि त्यांनी शास्त्रांतलेच दाखले काढून आपली बाजू मांडली. आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून मुलीकडून पाठ करून घेत. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थे फिरत असे. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश पालथा घालत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर बोलायचे म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ होते, पण स्त्रीला कमी लेखण्यात सर्वांचे एकमत दिसले. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नये, अशी शिकवण मिळालेल्या रमाबाईंनी तोही वाचला. स्वतः वाचायचे आणि मग ठरवायचे, ही सवय तेव्हापासूनची.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले, तेही बंगालीत. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आपल्याआधी ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या होत्या.

सर्व शंका मात्र फिटल्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. मतांगीकार म्हणजे मंडळीने ठरवून दिलेले श्रद्धेचे सूत्र. अथनासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार त्रैक्याचा सिद्धांत एकेका शब्दात बांधतो आणि तो न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावतो. रमाबाईंना हे पटेना. ख्रिस्ताच्या वचनात जे आपल्याला सापडत नाही ते केवळ बिशप आणि पाळक सांगतात म्हणून कसे मानायचे, असे त्या विचारत. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, एकट्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

वाद तत्त्वांपुरता राहिला नाही. रमाबाई मांसाहार करत नसत, त्यात भगिनींना जातीचा अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे असत, तर रमाबाई विचारत की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र ते काय आहे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. यांपैकी एकही गोष्ट शुभवर्तमानात लिहिलेली नाही, आणि तरी ती ख्रिस्ती धर्म म्हणून पुढे येत होती.

आजीबाईंचीही बाजू होती. एकट्याने ग्रंथ वाचणारा चुकू शकतो, शतकानुशतकांच्या मंडळीचा आधार त्याला हवा, असे त्यांना वाटे. पुढे अमेरिकेत रमाबाईंनी जे पाहिले त्याने या भीतीला थोडे बळच मिळाले असते. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोनेक वर्षे त्या देशात फिरल्या. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन असे कितीतरी पंथ त्यांना भेटले. हिंदू पंथांचा गोंधळ सोडून आलेल्या बाईला इथेही तोच गलबला दिसला. बायबल मात्र बहुतेकांच्या हाती एकच होते. नुसता ग्रंथ एक असल्याने माणसे एक होत नाहीत, हे त्यांना तिथे कळले असणार.

त्यांनी अमुक एका पंथात नाव घातले नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. शाळेत धर्मप्रचार होणार नाही असे आश्वासन होते, आणि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या होत्या. टीकाकारांची तक्रार पोकळ नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य त्यांनी मुलींनाही दिले होते.

१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे निरनिराळ्या मंडळ्यांच्या स्त्रिया कामाला होत्या. मुलींना जेवू घालणे, शिकवणे, विणकाम, शेती, छपाई ही कामे सर्वांची एक होती.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, थोड्या शिकलेल्या बाईला कोणी समजावून न देता वाचता यावे, अशी साधी मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तिसदनातल्याच स्त्रिया होत्या. वाँटेजचा वाद त्यांनी असा पुढे नेला, असे मला वाटते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली.

त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंनी पुढे मानला. स्वतः वाचून, विचार करून त्या तिथे पोचल्या. म्हणजे त्यांचे भांडण सिद्धांताशी नव्हते, तो दाराला कुलूप म्हणून लावण्याशी होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त प्रौढांना देणारे, दोघेही तिच्यात आले. शास्त्र हे श्रद्धेचे अंतिम प्रमाण ठरले. प्रेषितांचा आणि निकियाचा असे दोन मतांगीकार श्रद्धेचे साक्षी आणि राखणदार म्हणून स्वीकारले. अथनासियसचा त्यांत नाही.

तरीही काही वर्षांपूर्वी आपल्याच बॅचच्या एका मित्राच्या दफनाच्या वेळी, तो नेमका कोणत्या मंडळीचा, यावरून कबरस्तानाच्या फाटकाशी दोन तास गेले. त्याची म्हातारी आई उन्हात बसून होती. दोन्हीकडची माणसे एकच शास्त्र वाचणारी होती. अशा वेळी मला आजीबाई आठवतात. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला, आणि निवृत्तीनंतर तो मी वाचला. त्यातली पत्रे गोळा करून जपून ठेवली होती ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. ज्यांत त्यांच्या मताला सडेतोड उत्तरे आहेत, तीही. मतभेद मिटला नाही, नाते मात्र दोघींनी तुटू दिले नाही. आपल्या मेळाव्याला सगळ्या मंडळ्यांचे, सगळ्या धर्मांचे मित्र येणार आहेत. तेवढे आपल्यालाही जमायला हरकत नाही.