विन्स्टन चर्चिल : ग्रंथांनी घडविलेला युद्धनेता

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे नेतृत्व करणारे विन्स्टन चर्चिल हे विसाव्या शतकातील एक असामान्य, तितकेच वादग्रस्त व्यक्तिमत्त्व होय. त्यांच्या घडणीचा एक महत्त्वाचा अध्याय भारतभूमीवर, ग्रंथांच्या सहवासात लिहिला गेला.

दि. ३० नोव्हेंबर १८७४ रोजी ब्लेनहाइम प्रासादात, एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील लॉर्ड रँडॉल्फ यांनी भारतमंत्री व अर्थमंत्री ही पदे भूषविली होती. हॅरोच्या शाळेत लॅटिन व ग्रीक या भाषांशी मुलाचे कधी जमले नाही. इंग्रजी गद्याचा पाया मात्र तेथेच पक्का झाला. सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात प्रवेश मिळाला तो तिसऱ्या प्रयत्नात. विद्यापीठीय शिक्षण त्यांना लाभले नाही.

१८९६ साली घोडदळाचे अधिकारी म्हणून ते मुंबईस उतरले व बंगळूरच्या छावणीत दाखल झाले. पोलोत रमणाऱ्या या तरुणाला आपल्या शिक्षणातील उणीव तेथे तीव्रतेने जाणवली. आईकडून ग्रंथ मागवून त्यांनी रोज चार-पाच तास वाचनाचा नेम धरला. गिबन, मेकॉले, प्लेटो, डार्विन असे हे व्यापक वाचन होते. त्यांच्या भाषेला भारदस्तपणा आला तो या व्यासंगातून. साम्राज्य म्हणजे सुसंस्कृततेचा आधारस्तंभ, ही श्रद्धाही याच काळात दृढ झाली. ज्या देशात हे वाचन झाले, त्या देशातील समाजाचे अंतरंग जाणून घेण्याकडे मात्र त्यांचे लक्ष वळले नाही.

१९०० साली ते पार्लमेंटमध्ये निवडून आले. त्यानंतर त्यांनी दोनदा पक्षांतर केले. १९१५ मध्ये दार्दानेल्सच्या मोहिमेतील अपयशामुळे त्यांना नौदलमंत्रिपद गमवावे लागले. १९३१ मध्ये हिंदुस्थानला स्वराज्याचे हक्क देण्याच्या धोरणास विरोध करून ते पक्षनेतृत्वापासून दूर झाले आणि राजकीय वनवास ओढवून घेतला. पुढे हिटलरविषयी त्यांनी वारंवार धोक्याचे इशारे दिले. परंतु हिंदुस्थानच्या प्रश्नावरील त्यांच्या टोकाच्या भूमिकेमुळे अनेकांना तेही इशारे अतिशयोक्त वाटले.

दि. १० मे १९४० रोजी ते पंतप्रधान झाले. फ्रान्स कोसळत असता मंत्रिमंडळात तडजोडीचा विचार पुढे आला. चर्चिल यांनी तो मोडून काढला. त्यांची भाषणे उत्स्फूर्त नसत. तासन्‌तास खपून, शब्द तोलून ती सिद्ध केली जात. त्या वाणीने एकाकी पडलेल्या राष्ट्राला उभारी दिली.

ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट यांच्यासह त्यांनी अटलांटिक सनद जाहीर केली व राष्ट्रांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. पुढच्याच महिन्यात, ते तत्त्व हिंदुस्थानला लागू नाही, असा खुलासाही त्यांनीच केला. वास्तविक सुमारे २५ लाख भारतीय सैनिक त्या युद्धात सहभागी झाले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावली. त्याची कारणे अनेक होती. परंतु धान्याच्या जहाजांसाठी भारतातून झालेल्या मागण्या लंडनने पूर्णपणे मान्य केल्या नाहीत. १९४४ मध्ये चर्चिल यांनी अमेरिकेकडे जहाजे मागितली, ती मिळाली नाहीत. आणि तोवर फार उशीर झाला होता.

१९४५ मध्ये, युरोपातील विजयानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मतदारांनी त्यांना पायउतार केले. १९५१ ते १९५५ या काळात ते पुन्हा पंतप्रधान होते. १९५३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते इतिहास व चरित्रलेखन आणि वक्तृत्व यांसाठी, म्हणजे साहित्याचे. दि. २४ जानेवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रंथांनी चर्चिल यांना भाषा दिली, धैर्य दिले, इतिहासाचे भान दिले. हुकूमशाहीपुढे न झुकण्याचे बळ त्यांना त्यातूनच लाभले. मात्र स्वातंत्र्याचे जे मूल्य त्यांनी प्राणपणाने जपले, ते इतरांचेही असते, हे त्यांना उमगले नाही. वाचनाने माणूस मोठा होतो. पण कोणाचे जीवन वाचावयाचे राहून गेले, यावर त्या मोठेपणाची मर्यादा ठरते.