दादासाहेब फाळके आणि फिल्मचे रसायन

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि पुढे शिळाछपाई अशा वाटचालीत रसायने त्यांच्या हातात रुळली. १९१० साली ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि ध्यास लागला. सततचे चित्रपट आणि जागरणे यांमुळे काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परतली. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी प्रथम कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे पत्नी सरस्वतीबाई करीत. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला आले.

ही फिल्म म्हणजे सेल्युलोज नायट्रेट. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनते आणि लवचीकपणासाठी त्यात कापूर घालतात. त्यावरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडलेल्या क्षारांची धुलाईत चांदी होते, तेच चित्र.

पण सेल्युलोज नायट्रेट स्वतःच विघटन पावते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल बनतात. तांब्याचे किंवा मँगनीजचे क्षार जसे रबराचा ऱ्हास वाढवतात, तसे हे आम्ल फिल्मच्या लांबलचक रेणूंचे तुकडे पाडते. तुकड्यांतून आणखी आम्ल सुटते आणि वेग वाढत जातो. बंद डब्यात वायू कोंडला तर अधिकच. आम्लाने चांदीचे पुन्हा क्षार होतात, चित्र फिके पडते, फिल्म चिकट होते आणि अखेर तपकिरी पूड उरते. उष्ण, दमट हवेत हे लवकर घडते. शिवाय ही फिल्म चटकन पेट घेते. ऑक्सिजन तिच्यातच असल्याने ती पाण्याखालीही जळते.

‘लंका दहन’, ‘कालिया मर्दन’ असे शंभराच्या आसपास चित्रपट फाळक्यांनी केले. बोलपट आले आणि त्यांचे काम थांबत गेले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये हलाखीत त्यांचे निधन झाले. फिल्म थंड, कोरड्या जागी जपायला हवी, पण पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांची कितीतरी रिळे विटली, जळाली किंवा चांदीसाठी नष्ट झाली होती. फाळक्यांच्या एवढ्या कामातून आज मोजकीच रिळे पाहता येतात.