शरणपूरचा हबशी शिक्षक : रेव्हरंड विल्यम जोन्स

गेल्या नाताळात आमच्या एका खेडेगावच्या मंडळीत मुलांनी पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचे दृश्य करून दाखविण्याचे ठरविले. तिघांपैकी एकास काळा राजा करावयाचे होते. तेव्हा वर्गातील सर्वांत सावळ्या मुलाकडे सर्वांनी एकदम बोट दाखविले, आणि कोणी एकाने त्याच्या आळीचे नाव हळूच उच्चारले. ते लेकरू रडले नाही. त्याने कागदाचा मुकुट तेवढा खाली ठेविला. सात-आठ वर्षांच्या मुलांस हे कोणी शिकविले असेल? पाटीवर तर आम्ही ते कधी लिहिले नव्हते.

त्या दिवशी आम्ही मुलांस विचारले की, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे ज्यास पुष्कळ वर्षे औरंगाबाद म्हणत, ते शहर प्रथम कोणी वसविले? बहुतेकांनी औरंगजेबाचे नाव घेतले. परंतु त्याच्याही पूर्वी, 1610 च्या सुमारास, येथे खडकी हे नगर वसविणारा मलिक अंबर हा हबशी होता. तो आफ्रिकेत जन्मला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेला, आणि निजामशाहीचा मुख्य कारभारी होऊन 1626 मध्ये मरण पावला. शहरास पाणी पुरविणारा त्याचा नहर प्रसिद्ध आहे. हे ऐकून मुले गप्प झाली. पण मलिक अंबर सेनापती होता, आणि तरवारीची गोष्ट मुलांस सहज आवडते. त्याच्याच भूखंडातून, त्याच्याचसारखा विकला जाऊन आपल्या देशात आलेला एक शिक्षक होऊन गेला; त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

विल्यम हेन्री जोन्स यांचा जन्म 1840 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील याओ जातीत झाला. लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांस धरून नेले. आईबापांनी ठेविलेले नाव सुटले, गाव सुटले, भाषा सुटली. त्या काळी इंग्रजांची लढाऊ जहाजे अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडीत व त्यांवरील मुलांस मुंबईस आणून उतरवीत. अशा सुटलेल्या मुलांपैकी जोन्स हे एक होते. मुंबईहून त्यांस नाशिकास पाठविण्यात आले. तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनी 1850 च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली होती. आपल्या भागात ज्यांनी पुष्कळ वर्षे सेवा केली ते पारशी घराण्यातील रेव्हरंड रत्नजी नवरोजी हेही नाशिकच्याच मंडळीतून आले, म्हणून शरणपूर आम्हांस परके नाही.

शरणपुरात ह्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम होता. तेथे वाचन, लेखन, शास्त्र आणि त्याबरोबर सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. जोन्स लोहारकी शिकले. भोवती महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींतून आलेली कुटुंबे राहत होती. एकाच घंटेस उठणारी व एकाच बाकावर बसणारी ती मुले होती; परंतु आपल्या देशात बाक एक झाला म्हणजे मन एक होतेच असे नाही, हे आमच्या शाळा चालविणाऱ्या बंधूंस सांगावयास नको. ह्याच आश्रमातील मुले पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेली. 1873 मध्ये तो साधुपुरुष मरण पावला, तेव्हा त्याच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा शरणपुरीच शिकलेला होता.

1864 मध्ये जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर यांस मोंबासाजवळील रबाई येथे मिशनरी रेबमान यांच्या मदतीस पाठविण्यात आले. पुढे 1875 मध्ये प्राइस साहेबांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांकरिता फ्रिअरटाउन वसविले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले. नाशिकच्या पुष्कळ आफ्रिकी ख्रिस्ती कुटुंबांनी तिकडे प्रयाण केले.

येथे त्यांची विचित्र स्थिती झाली. भारतात ते हबशी होते. आफ्रिकेत उतरले तो लोक त्यांस मुंबईवाले म्हणू लागले! कातडी तेथल्या लोकांसारखी, परंतु पोशाख, बोली व रीत निराळी. मिशनरींतही अशी कुरकुर होती की, हे लोक गोऱ्यांची बरोबरी करू पाहतात.

जोन्स यांनी रबाई येथे शाळा व उपासना दोन्ही चालविली. त्या वस्तीत तीन प्रकारची घरे होती : तेथील मूळच्या स्वतंत्र लोकांची, जहाजांवरून सोडविलेल्यांची, आणि धन्यापासून पळून आलेल्यांची. ह्या पळालेल्यांस तेथे वाटोरो म्हणत. सोडविलेल्यांस मातेका, म्हणजे धरलेले, हे नाव चिकटले होते. आईबापांच्या तोंडी जे नाव असते ते लेकरांच्या खेळात येतेच. ज्या शिक्षकास स्वतः धरून विकले होते, त्याच्यासमोर अशा घरांची मुले येत असत. वाटोरोंस आश्रय देऊ नये असा सरकारचा व मिशनचा नियम होता, कारण किनाऱ्यावरील अरब धनी शस्त्रे घेऊन येण्याची धमकी देत. तरी रबाईत वाटोरोंची संख्या वाढतच गेली. शेवटी इंग्रज कंपनीने धन्यांस पैसे भरून दिले, आणि 1 जानेवारी 1889 रोजी निरनिराळ्या मिशनांच्या आश्रयास आलेल्या व इतर मिळून सुमारे 1,400 जणांस मुक्ततेचे दाखले मिळाले.

त्यापूर्वी 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले, तेव्हा त्यांनी जोन्स यांस बरोबर घेतले. वाटेत जोन्स यांस सुमारे 150 माणसांसह मागे ठेवून ते 50 माणसे घेऊन पुढे गेले, आणि 29 ऑक्टोबर रोजी बुसोगात मारले गेले. बातमी आल्यावर जोन्स यांनी उरलेला तांडा शेकडो मैल सांभाळून फेब्रुवारी 1886 मध्ये रबाईस परत आणिला. पुढे चालणाऱ्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ईखाबोद हा एकच शब्द होता. एलीच्या सुनेने आपल्या बाळास ते नाव का ठेविले, हे वाचकांस ठाऊक आहेच.

अशा मनुष्यास पुढे काय मिळाले? 1890 च्या दशकात त्यांस पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली खरी. परंतु आफ्रिकी सेवकांचा पगार व मान गोऱ्या सेवकांहून फार कमी राहिला. जोन्स यांनी ह्याविषयी तक्रार केली आणि त्या दशकाच्या अखेरीस राजीनामा दिला. पगाराची गोष्ट काढली म्हणजे सेवक लोभी झाला असे समजण्याची चाल जुनीच आहे. आम्ही तसे समजत नाही. ज्याने आयुष्यभर मुलांस देवासमोर सर्व सारखे असे शिकविले, त्यास मिशनच्या वहीत निराळी रकाने दिसली, तर त्याने गप्प कसे राहावे? 1904 मध्ये त्यांचा अंत झाला.

नाशिकात शरणपूर रस्ता आजही त्या नावाने ओळखला जातो. मोंबासास फ्रिअरटाउनच्या घंटेवरून त्या जागेस केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, असे नाव पडले आहे. आमच्या मंडळीत त्या रविवारी ही हकीकत सांगून झाल्यावर मुकुट भिंतीशी तसाच पडला होता. मग ज्याने आळीचे नाव काढिले होते त्याच मुलाने तो उचलला व विचारले की, काळा राजा मी झालो तर चालेल काय? त्यावर आमचा सावळा मुलगा म्हणाला की, नाही, तो मीच होणार.